नित्य चालण्याचा नेम

हिवाळ्यांतील पहांटे मराठवाड्यांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवाबाहेर, उदाहरणार्थ लातूरच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर रेणा नदीच्या कांठीं वसलेल्या रेणापुराच्या शिवारांत, रस्त्याच्या कडेला क्षणभर उभें राहिलें, तर चालणारीं माणसें दोन प्रकारचीं दिसतात. पहिल्या प्रकारचीं माणसें कामाला निघालेलीं असतात. कोणाच्या डोक्यावर भाकरीचें गाठोडें, कोणाच्या खांद्यावर दोर आणि विळा, कोणाच्या हातीं दुधाची चरवी. त्यांची चाल झपाट्याची असते. परंतु आपण चालत आहोंत याची जाणीवही त्यांना नसते. दुसऱ्या प्रकारचीं माणसें संख्येनें थोडीं असतात. कानाला मफलर, पायांत नवे बूट, हात रिकामे आणि मुद्रेवर किंचित् संकोच. हीं माणसें कोठेंही जात नसतात. जेथून निघालीं तेथेंच तीं परत येणार असतात. वाटेंत कोणी ओळखीचा भेटला आणि "आज इकडं कुणीकडं?" असें त्यानें विचारलें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें : "डाक्टरनं सांगितलंय."

या दोन शब्दांच्या आंत एका पिढीचा इतिहास सांठलेला आहे. ज्या प्रदेशांत चालणें हें श्वास घेण्याइतकें स्वाभाविक होतें, तेथें तें औषधाप्रमाणें चिठ्ठीवर लिहून देण्याची पाळी कां आली, आणि ज्यानें तें औषध घ्यावयाचें मनावर घेतलें त्यानें तें कोणत्या मात्रेनें व कोणत्या पथ्यानें घ्यावें, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

पूर्वीं या भागांतील मनुष्याला चालण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आठवडी बाजार, शेत, शाळा, सोयऱ्यांचा गांव, सर्व वाटा पायांखालच्या. देवाकडे जावयाचें तेंही पायींच. आषाढींत मराठवाड्यांतून पंढरीकडे दिंड्या निघतात. विदर्भांतील शेगांवहून निघणारी गजानन महाराजांची पालखी तर अंबाजोगाईच्या वाटेनें सातशेंहून अधिक किलोमीटर चालून चंद्रभागेला पोहोंचते. कोजागरीच्या सुमारास लातूरकडील असंख्य भाविक तुळजापुराची वाट धरतात. या थोर यात्रांच्या जोडीला एक यात्रा अशीही होती, कीं जिला कोणी पुण्य म्हटलें नाहीं : पाण्याची. उन्हाळ्यांत विहिरी आटल्या कीं बायकांनीं डोक्यावर घागरी घेऊन दूरवरून पाणी आणावयाचें, हें या भूमीला अपरिचित नाहीं. २०१६ सालीं तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. सारांश, मराठवाड्यांतील चालणें हें सगळेंच सुखाचें होतें, असें म्हणतां येणार नाहीं. त्यांत भक्ति होती तशी दैन्यहि होतें.

म्हणूनच चाकें आलीं तेव्हां त्यांचें स्वागत झालें, आणि तें योग्यच झालें. बसगाडी आली, सायकल आली, तिच्या मागोमाग फटफटी आली. मोटेच्या जागीं पंप आला, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला, आडाच्या जागीं नळ आला. ज्याचा बाप शेताला दोन कोस चालत जाई, तो मुलगा आज शेतापर्यंत गाडीवर जातो. दुकानदार सकाळीं गल्ल्यावर बसतो तो रात्रींच उठतो. कारकून, शिक्षक, वाहनचालक, शिंपी, या सर्वांचा दिवस बसण्यांत जातो. कष्ट कमी झाले ही इष्टापत्ति होय. परंतु कष्टांबरोबर एक गोष्ट नकळत गळून पडली. शरीराला रोज मिळणारी हालचाल नाहींशी झाली, आणि ताटांतील अन्न मात्र पूर्वींइतकेंच, किंबहुना पूर्वींपेक्षां अधिक गोड व अधिक तेलकट, राहिलें.

याचा परिणाम आंकड्यांत दिसूं लागला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज करण्यांत आला. शहरांत शंभर प्रौढांपैकीं सुमारें १६ आणि खेड्यांत सुमारें ९, असें हें प्रमाण होतें. यावरून खेडीं अजून सुरक्षित आहेत, असा समज होण्याचा संभव आहे. पण त्याच पाहणींतील दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्यांची साखर वाढूं लागली आहे परंतु मधुमेहाची रेषा अद्याप ओलांडलेली नाहीं, अशा लोकांचें प्रमाण खेड्यांत आणि शहरांत जवळजवळ सारखेंच, शंभरांत १५ च्या आसपास, आढळलें. म्हणजे उंबरठ्यावर उभे असलेले लोक दोन्हीकडे सारखेच आहेत. रेणापुरासारख्या गांवाच्या दृष्टीनें प्रश्न आहे तो हाच, कीं उंबरठ्यावर असलेल्यांनीं आंत पाऊल टाकावयाचें कीं मागें फिरावयाचें.

चालण्यानें हा रोग आवरतो, ही कल्पना नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचा विचार करतांना निर्धन रोग्याला एक विलक्षण उपचार सांगितला आहे : त्यानें पादत्राण व छत्री न घेतां, भिक्षेवर निर्वाह करीत, शंभर योजनें अथवा त्याहून अधिक अंतर चालावें. त्याच ग्रंथांत शरीराला फार पीडा होणार नाहीं अशा बेतानें फिरणें हें आयुष्य, बल, बुद्धि आणि अग्नि यांना हितकर मानलें आहे. या दोन उपदेशांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. एक उग्र उपचार होता, दुसरा दिनचर्येचा भाग. मराठी घरांतून हा दुसरा उपदेश 'शतपावली' या एका शब्दांत टिकून राहिला. जेवणानंतर अंगणांत शंभर पावलें टाकण्याच्या या साध्या रीतीचें समर्थन आजचें शास्त्रही करितें. कारण भोजनोत्तर थोडेंसें चालल्यानें रक्तांतील साखरेची उसळी कमी होते, असें प्रयोगांत आढळून आलें आहे. मात्र अनवाणी चालण्याचा प्राचीन उपदेश आजच्या मधुमेही मनुष्यानें मुळींच पाळूं नये. या रोगांत पायांची संवेदना मंद होते, काटा रुतलेला कळत नाहीं, आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊं शकते.

आधुनिक वैद्यकाचें लक्ष या विषयाकडे वेधलें गेलें तें लंडन शहरांतील बसगाड्यांमुळें. जेरी मॉरिस नांवाच्या वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांच्या प्रकृतीची तुलना केली आणि १९५३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक आणि वाहक हे दोघे एकाच गाडीवर, एकाच वर्गांतले, सारख्याच परिस्थितींतले. भेद एवढाच, कीं चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटें देणारा. हृदयविकाराचें प्रमाण चालकांमध्यें अधिक आढळलें. मॉरिस हा शंकेखोर शास्त्रज्ञ होता. चालक मुळांतच स्थूल असतील आणि म्हणून बसण्याचें काम पत्करीत असतील, असा आक्षेप येणें शक्य होतें. तेव्हां त्यानें नोकरांना दिलेल्या गणवेषाच्या विजारींचीं मापें तपासलीं, आणि चालकांची कंबर आरंभापासूनच कांहींशी मोठी असते, ही गोष्टही १९५६ सालीं त्यानें स्वतःच प्रसिद्ध केली. यामुळें पहिला निष्कर्ष कोसळला नाहीं. पण हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध किती काळजीपूर्वक तपासावा लागतो, याचा तो धडा ठरला. त्यानंतर अनेक देशांत अनेक पाहण्या झाल्या व बैठें आयुष्य हृदयाला अपायकारक असतें, हें मत दृढ झालें.

भारतीय शरीराविषयींचा पुरावा मद्रासकडून आला. ज्यांची साखर वाढलेली आहे पण ज्यांना मधुमेह झालेला नाहीं, अशा ५३१ व्यक्ति तेथील संशोधकांनीं निवडल्या आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचाच सल्ला देण्यांत आला. दुसऱ्या गटाला आहारांत सुधारणा आणि दररोज निदान अर्धा तास झपझप चालणें सांगून त्याचा पाठपुरावा करण्यांत आला. तिसऱ्याला मेटफॉर्मिन या औषधाच्या गोळ्या दिल्या, व चौथ्याला दोन्ही. २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटांतील शंभरांपैकीं ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणें सांभाळणाऱ्या गटांत हें प्रमाण ३९ च्या आसपास राहिलें. गोळ्या घेणाऱ्यांत तें सुमारें ४० होतें. दोन्ही उपाय एकत्र करून विशेष अधिक लाभ झाला नाहीं. याचा अर्थ स्पष्ट आहे. पायांचें काम गोळीच्या तोडीचें निघालें. त्याचबरोबर हेंही मान्य केलें पाहिजे, कीं चालूनही शंभरांतील ३९ जणांना रोग झालाच. चालणें हा तोडगा नव्हे कीं मंत्र नव्हे; तें संकट टाळण्याची शक्यता वाढवितें, खात्री देत नाहीं.

चालतांना शरीरांत घडतें तें काय? मनुष्य स्वस्थ बसला असतां त्याचें हृदय मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें. झपझप चालूं लागतांच हें प्रमाण दुपटीच्या घरांत जातें. हृदय हा स्नायूच असल्यामुळें, नित्य थोडा अधिक भार उचलण्याची संवय लागली कीं तें बळकट होतें, आणि मग विश्रांतीच्या वेळीं कमी ठोक्यांत तेंच काम उरकतें. पायांतील रक्त वर चढविण्याच्या कामीं पोटऱ्यांचे स्नायु हृदयाला साहाय्य करितात. प्रत्येक पावलागणिक ते शिरांना पिळून रक्त वरच्या बाजूस लोटतात. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचे पाय संध्याकाळीं सुजतात, त्याचें एक कारण हा पंप बंद असतो, हें होय.

साखरेविषयीं तर निसर्गानें एक मोठीच सोय करून ठेविली आहे. सामान्यतः रक्तांतील साखर स्नायूंत शिरावयाची असेल तर इन्शुलिन या स्रावाची किल्ली लागते. मधुमेहांत ही किल्ली अपुरी पडते किंवा कुलुपाला लागत नाहीं. परंतु जो स्नायु काम करीत असतो, तो या किल्लीची वाट न पाहतां साखर आंत ओढून घेऊं शकतो. आणि श्रम थांबल्यानंतरही कित्येक तास त्याला इन्शुलिन अधिक मानवतें. म्हणून चालण्याचा लाभ त्या अर्ध्या तासापुरता नसतो, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतो. आणि म्हणूनच दोन दिवसांहून अधिक खंड पडूं देऊं नये असें सांगतात. याशिवाय शरीराचा भार पेलल्यानें हाडांचा कस टिकतो, रक्तदाब कांहींसा उतरतो, झोंप सुधारते आणि चित्ताची मरगळ कमी होते.

वजनाच्या बाबतींत मात्र पुष्कळांची निराशा होते, व त्या निराशेपायींच अनेक नेम मोडतात. साठ किलो वजनाच्या मनुष्यानें अर्धा तास झपझप चालून सुमारें १२५ ते १५० कॅलरी खर्ची पडतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरींत याहून अधिक कॅलरी असतात. तेव्हां फिरून आल्यावर भूक लागली म्हणून हॉटेलांत भजीं आणि गोड चहा घेणाऱ्याचें वजन उतरण्याऐवजीं चढलें, तर त्यांत चालण्याचा दोष नाहीं. वजनाचा हिशेब मुख्यतः ताटांत होतो. परंतु वजन तसूभर उतरलें नाहीं तरी हृदय, रक्तदाब व साखर यांवरील लाभ व्हावयाचा तो होतोच.

मग किती चालावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, व निदान दोन दिवस स्नायूंच्या बळासाठीं वेगळे श्रम करावेत. आठवड्याचे पांच दिवस अर्धा तास, असा याचा सोपा हिशेब होतो. आतां भ्रमणध्वनीवर पावलें मोजण्याची सोय झाल्यामुळें 'दहा हजार पावलें' हा आंकडा सर्वांच्या तोंडीं बसला आहे. पण तो कोणा वैद्यानें काढलेला नाहीं. तोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ सालीं, जपानांतील एका कंपनीनें पावलें मोजणारें यंत्र विक्रीस काढलें व त्याला दहा हजार पावलांचें यंत्र या अर्थाचें नांव दिलें. तेंच नांव पुढें नियम होऊन बसलें. २०१९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सरासरी ७२ वर्षें वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पावलांची मोजदाद झाली. रोज सुमारें २७०० पावलें टाकणाऱ्या स्त्रियांपेक्षां ४४०० पावलें टाकणाऱ्या स्त्रियांमध्यें मृत्यूचें प्रमाण पुष्कळच कमी आढळलें, आणि साडेसात हजारांच्या पुढें आणखी लाभ फारसा वाढलेला दिसला नाहीं. ज्याला दहा हजार साधत नाहींत त्यानें हताश होऊन घरीं बसावें, याला कांहींएक आधार नाहीं. सर्वांत मोठा लाभ मुळींच न चालणाऱ्यानें थोडें चालूं लागण्यांत आहे.

वेगाचें मोजमापही सोपें आहे. चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण अभंग म्हणतां येऊं नये, इतपत दम लागला म्हणजे श्रम मध्यम प्रतीचे झाले. गातां येत असेल तर वेग वाढवावा. दोन शब्द बोलतांना धाप लागत असेल तर कमी करावा. घड्याळ लावून पाहिल्यास मिनिटाला शंभर पावलें, हा या वेगाचा स्थूल अंदाज होय. म्हाताऱ्या किंवा अशक्त माणसाला याहून मंद चालीनेंही तेवढाच दम लागेल. त्याच्यापुरता तोच योग्य वेग. दुसऱ्याशीं चढाओढ करण्याचें येथें कांहीं कारण नाहीं.

आरंभ मात्र लहानच असावा. ज्यानें कित्येक वर्षें व्यायाम केलेला नाहीं त्यानें पहिल्या आठवड्यांत रोज दहा मिनिटेंच चालावें, तेंही सावकाश. दुसऱ्या आठवड्यांत पंधरा, तिसऱ्यांत वीस, असें वाढवीत महिना-सव्वा महिन्यानें अर्ध्या तासावर यावें, आणि मगच वेगाकडे लक्ष द्यावें. पहिल्याच दिवशीं उत्साहाच्या भरांत पांच किलोमीटर जाऊन येणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं गुडघे धरून बसतो, आणि तिसऱ्या दिवशीं त्याचा नेम संपतो. एकदम अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन फेरे केले तरी चालतात; त्यांतील दोन जेवणानंतर घडले तर अधिकच उत्तम. निघतांना पहिलीं पांच मिनिटें व परततांना शेवटचीं पांच मिनिटें चाल मंद ठेवावी.

मराठवाड्याच्या हवेचा विचार वेळ ठरवितांना करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीं किंवा चांगलें कलल्यानंतरच बाहेर पडावें, निघण्यापूर्वीं पाणी प्यावें आणि डोक्याला उपरणें अथवा टोपी घ्यावी. पावसाळ्यांत या काळ्या जमिनीची पाऊलवाट चिखलानें निसरडी होते. तेव्हां शाळेचें पटांगण, देवळाचा प्रकार, घराची गच्ची किंवा लांब पडवी, जें मिळेल त्यावर भागवावें. चार महिने नेम बंद पडला तर तो पुन्हां सुरू करणें नव्यानें आरंभ करण्याइतकेंच कठीण जातें. हिवाळा हा आरंभाला सर्वोत्तम काळ. परंतु ज्यांना हृदयविकार किंवा दमा आहे त्यांनीं कडाक्याच्या थंडींत पहांटे न जातां ऊन पडूं द्यावें.

रस्त्याचें भय हवेपेक्षां अधिक आहे. लातूर-अंबाजोगाई मार्गासारख्या मोठ्या रस्त्यावर मालमोटारी व ऊसाच्या गाड्या भरधाव जातात. अंधारांत तेथें चालणें म्हणजे आरोग्यासाठीं प्राण धोक्यांत घालणें होय. शक्य तोंवर गाडीरस्ता, पाणंद, कालव्याचा कांठ किंवा मैदान पसंत करावें. रस्त्याखेरीज सोय नसेल तर उजव्या कडेनें चालावें, म्हणजे समोरून येणारें वाहन दिसतें. अंगावर पांढरें वस्त्र व हातीं विजेरी असावी, आणि कानांत गाणीं लावूं नयेत. जोडा महागच असला पाहिजे असें नाहीं. तो पायाला घट्ट न होणारा, टांच धरून ठेवणारा व जाड मऊ तळव्याचा असला म्हणजे पुरे. सैल चपलांनीं पाय मुरगळतो.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी विसरतां कामा नयेत. ज्याला पूर्वीं हृदयाचा झटका आला आहे, चालतांना छातींत दुखतें, घेरी येते किंवा थोड्याशा श्रमानें धाप लागते, त्यानें वैद्याला विचारल्यावांचून वेग वाढवूं नये. चालतांना छातींत दाबल्यासारखें वाटलें, वेदना डाव्या हातांत वा जबड्यांत गेली, दरदरून घाम सुटला, तर तेथेंच थांबावें आणि तात्काळ दवाखाना गांठावा; 'पित्त झालें असेल' म्हणून घरीं चालत येऊं नये. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर चालण्यानें एकाएकीं फार खालीं जाऊं शकते. हात कांपणें, घाम, कडकडून भूक, डोळ्यांपुढें अंधारी, हीं तिचीं लक्षणें. अशा माणसानें उपाशीपोटीं लांब फिरूं नये, खिशांत साखरेची पुडी ठेवावी, आणि घरीं आल्यावर रोज दोन्ही तळवे पाहावेत. गुडघे दुखत असतील तर सपाट जमिनीवर थोडथोडें चालणें बहुधा हितकरच ठरतें. मात्र सूज असतां विश्रांति घ्यावी.

आतां राहिला लोकांचा प्रश्न, आणि खेड्यांत तो लहान नाहीं. काम नसतां चालणारा मनुष्य खेड्याच्या दृष्टीनें रिकामटेकडा ठरतो. पुरुषाला हें थट्टेंत सोसावें लागतें. बाईला मात्र त्याची झळ अधिक लागते. सून सकाळीं एकटी रस्त्यानें फिरावयास निघाली, तर घरांतून आणि दारांतून दहा प्रश्न उठतात. वस्तुतः चूल, शिलाई आणि दूरदर्शन यांच्यामध्यें दिवस जाणाऱ्या गृहिणीला चालण्याची गरज पुरुषाहून कमी नाहीं. यावर उपाय जुन्या रीतींतच सांपडतो. शेजारच्या दोघी-तिघींनीं मिळून निघावें. रेणापुराला रेणुकादेवीचें मंदिर आहे. नित्य पायीं देवदर्शनाला जाणाऱ्या बाईला कोणी कारण विचारीत नाहीं, आणि वाट थोडी लांबची धरली तर देवीची कांहीं हरकत असण्याचें कारण नाहीं. घरांतील पुरुषानें त्या अर्ध्या तासांत चहाचें आधण ठेवावयास शिकावें, हा या उपायाचा उरलेला भाग होय.

याच्या उलट, जी बाई दिवसभर सोयाबीनच्या रानांत वाकून काढणी करिते, किंवा जो गडी ऊसतोडीला जातो, त्याला हा उपदेश करणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें आहे. त्यांच्या शरीराला चालणें कमी पडलेलें नाहीं. विश्रांति, पुरेसें अन्न आणि सांवलींतलें पाणी कमी पडलें आहे. चालण्याचा नेम त्यांच्यासाठीं नाहीं. तो आहे गल्ल्यावर बसणाऱ्यासाठीं, खुर्चीवर बसणाऱ्यासाठीं, गाडीवर बसणाऱ्यासाठीं आणि शेतकरी असूनही बांधावर गाडी लावून मोबदल्यानें काम करून घेणाऱ्यासाठीं.

संवय लागण्यास किती दिवस लागतात, याचाही शोध घेण्यांत आला आहे. लंडन येथील विद्यापीठांत ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट नियमानें करावयास सांगून २०१० सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत ती गोष्ट आपसुक घडूं लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असें दिसलें. कोणाला १८ दिवसच पुरले, तर कोणाला अडीचशेंहून अधिक लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानें मात्र विशेष बिघडलें नाहीं. जी गोष्ट रोज ठराविक खुणेला जोडली जाते ती लवकर अंगवळणीं पडते. म्हणून 'वेळ मिळेल तेव्हां चालेन' या निश्चयापेक्षां 'दूध आणून ठेवलें कीं निघेन' हा निश्चय अधिक टिकतो.

वारकऱ्यांनीं हें मर्म शास्त्रज्ञांच्या पूर्वींच ओळखलें होतें. वारीला जाणारा मनुष्य दरवर्षीं जावें कीं न जावें याचा विचार करीत बसत नाहीं. तिथि आली कीं तो निघतो. पाऊस आहे, पेरणी राहिली आहे, अंग मोडून आलें आहे, हीं कारणें त्यालाही असतात. पण निर्णय एकदांच झालेला असतो. शिवाय तो एकटा नसतो. दिंडींत पुढचा चालतो म्हणून मागचा चालतो. रोजच्या चालण्यालाही एखादा सोबती मिळाला तर अर्धें काम झालें. कारण मनुष्य स्वतःला दिलेलें वचन सहज मोडतो, पण दारांत उभ्या असलेल्या शेजाऱ्याला परत पाठवितांना त्याला संकोच वाटतो.

हा नेम धरणाऱ्यानें नवे बूट येण्याची, सोमवार उजाडण्याची किंवा वैद्याच्या चिठ्ठीची वाट पाहूं नये. चिठ्ठी येते तेव्हां बहुधा उंबरठा ओलांडून झालेला असतो. आज रात्रीं जेवण आटोपल्यावर हात धुऊन अंथरुणाकडे न वळतां अंगणांत शंभर पावलें टाकावीं, आणि शेजाऱ्याला हांक मारून उद्यांची वेळ ठरवावी. अंगण नसेल तर गल्लींतून वेशीपर्यंत जाऊन यावें. आरंभाला एवढें पुरें आहे.